पौषातली सावली

"तुमच्या म्हाताऱ्याला पायलं मी," काठी टेकून उभी राहत कासाबाई म्हणाली. "नदीत. गुडघाभर पाण्यात हुबे व्हते. हात जोडून."

नर्मदाबाईच्या हातातली काडी पळसाच्या पानात अर्धीच राहिली. "कवा?"

"आज सकाळी, दिवस निघताना. माझी मेंढरं पल्याडच्या काठाला व्हती. आधी मी म्हणलं, आंगूळ करायलेत. पर आंगूळ करणारा माणूस पायानं तळ चाचपत न्हाई, काकू."

कासाबाई धनगराची. तिची मेंढरं एकीकडे चरत आणि ती दुसरीकडे. आडगव्हाणातली कुठलीही खबर तिच्या घोंगडीखालून गेल्याशिवाय पुढं सरकत नसे. "म्या अजून कुणाला सांगितलं न्हाई," असं ती जाता जाता म्हणाली, म्हणजे दिवस मावळायच्या आत ते सगळ्या गावाला कळणार होतं.

नर्मदाबाई देवळापुढच्या पटांगणात गोणपाट टाकून बसली होती. पुढ्यात पानांचा ढीग, शेजारी लावून झालेल्या पत्रावळींची चळत. रथसप्तमीच्या आत पाचशे पत्रावळी पोचत्या करायच्या होत्या. त्या दिवशी देवळात नवी मूर्ती बसणार होती, पांढऱ्या संगमरवराची, नांदेडहून येणारी, आणि गावजेवण होतं. पत्रावळी लावणं हे गुरवाचं काम, म्हणजे गुरवाच्या बायकोचं. नवऱ्याला चोर ठरवणाऱ्या पंगतीच्या पत्रावळी बायकोनंच लावायच्या, असा तो न्याय होता.

कारण नवी मूर्ती बसली की जुनीचा शोध संपला. आणि शोध संपला, की वैजीनाथ गुरवानं देवी विकून खाल्ली हे कायमचं पक्कं झालं.

जुनी देवी म्हणजे वाळकाई. वाळकी ही गावची नदी. नदी म्हणायचं ते आपलं तिचा मान ठेवायला, कारण मृगात ती येई आणि फाल्गुनात निघून जाई. पण तिच्या काठचं देऊळ मात्र फार जुनं. चुन्याचं बोट न लावता दगडावर दगड बसवलेलं, कुणी बांधलं ते विचारायला कुणी उरलं नव्हतं. गाभाऱ्यात महादेव आणि महादेवाशेजारच्या देवळीत काळ्या दगडाची, दीड हात उंच, सुसरीच्या पाठीवर उभी राहिलेली, कमरेवर घडा घेतलेली वाळकाई. नदीच ती, बाईच्या रूपातली.

गावानं नदीशी वागायची रीतही बाईशी वागावं तशीच ठेवली होती. पाणी वाहतंय तोवर वाळकाई नांदायला आलेली. शेवटची धार आटली की वाळकाई माहेरी गेली. मग पाडव्याला वाळूत कुदळीची पूजा व्हायची आणि त्यानंतरच पिण्याच्या पाण्याचे झिरे खणायचे. पण बोटाएवढी धार जरी वाहत असली, तरी पात्रात कुदळ घालायची नाही, पहार घालायची नाही. घरात सून वावरत असताना तिच्या पायाखालची जमीन कुणी खणतं का?

मग रझाकारांच्या धाकाचं ते वर्ष आलं. गावंच्या गावं ओस पडली. नर्मदाबाई लेकीला घेऊन राणीसावरगावला भावाकडे जाऊन राहिली. वैजीनाथ मात्र मागं राहिला. देव उघड्यावर टाकून गुरव कुठं जाणार? मूर्ती फोडतात, अशी रोज नवी बातमी यायची. तेव्हा त्यानं एकट्यानं वाळकाई उचलली आणि तिच्याच नदीच्या वाळूत पुरली.

गंमत अशी, की रझाकार आडगव्हाणात आलेच नाहीत. पोलीस ॲक्शन झालं, निजामाचं राज्य गेलं, माणसं आपापल्या घरी परतली. पुढच्या पाडव्याला कुदळीची पूजा करून सगळं गाव वाळूत उतरलं. वैजीनाथनं खूण सांगितली. पाडवा झाल्यावर पुरली. दिवस मावळायला कासराभर उरला असताना देवळापुढच्या दीपमाळेच्या सावलीचा शेंडा वाळूत जिथं पडतो, बरोबर तिथं. त्या दिवशी सावलीचा शेंडा धुण्याच्या दगडाजवळ पडला. लोकांनी कंबरभर खणलं, मग पुरुषभर खणलं. पाणी लागलं, पण वाळकाई काही लागली नाही.

त्याला आता अकरा वर्षं झाली होती. पहिली दोन वर्षं गावानं खणलं. मग अर्ध्या गावानं. पुढं दर उन्हाळ्यात धुण्याच्या दगडापाशी एकटा वैजीनाथ खोरं घेऊन दिसायचा आणि पोरं काठावरून ओरडायची, "गुरवकाका, जरा खाली, हैदराबादपर्यंत!"

आणि शंका म्हणजे काय, उन्हाळी गवत. एकदा मूळ धरलं की तिला पाणी लागत नाही. नर्मदाबाईच्या भावानं एक म्हैस दिली, तर लोक म्हणाले, बघा, म्हैस आली. लेक पारूबाई पालमला चांगल्या घरी पडली, तर म्हणाले, देवीच्या जिवावर पडली. घरावर दोन पत्रे चढले तेव्हा पोलीस पाटील आप्पाराव स्वतः बघायला आला आणि पत्र्यांवर काठी वाजवून गेला. आप्पाराव तसा वाईट माणूस नव्हता. शंका घेणं हा त्याचा पिढीजात व्यवसायच होता, त्याला तो तरी काय करणार? पण त्याचा बाप मरताना वाळकाईच्या पायाचं तीर्थ मागत मेला होता आणि ते देता आलं नाही, हे आप्पारावच्या मनात काट्यासारखं रुतून बसलं होतं.

खरं सांगायचं तर नर्मदाबाईच्या मनातही एक काटा होता, आणि तो गावातल्या कुणालाच ठाऊक नव्हता.

राणीसावरगावहून परतल्यावर तिनं आपली पत्र्याची पेटी उघडली होती. तळाशी तिचं लग्नातलं हिरवं पैठणचं लुगडं असायचं, जरीच्या काठाचं, मामानं दिलेलं. आयुष्यात तिला मिळालेली ती एकच भारी वस्तू. ते लुगडं पेटीत नव्हतं. पेटीचं कुलूप शाबूत आणि किल्ली वैजीनाथच्या करगोट्याला.

तिनं विचारलं नाही. विचारलं तर तो काय सांगेल याची तिला भीती वाटली. ज्यानं बायकोचं लग्नातलं लुगडं विकलं, तो देवी विकणार नाही कशावरून? हा प्रश्न अकरा वर्षं तिच्या पोटात होता. पण ओठावर तिनं तो येऊ दिला नाही. लुगड्याची गोष्ट गावाच्या कानावर गेली असती, तर म्हैस आणि पत्रे यांच्या पुढचा पुरावा लोकांना आयताच मिळाला असता. स्वतः नवऱ्यावर संशय घ्यायचा आणि दुसऱ्यानं घेतला की त्याच्याशी भांडायला उठायचं, असा तिचा दुहेरी संसार चालला होता.

आणि आज पौष पौर्णिमेला, कुणी नदीत पाय घालत नाही अशा थंडीत, म्हातारा पाण्यात उभा राहून तळ चाचपत होता.

ठेवलेली वस्तू जागच्या जागी आहे का, हे माणूस असंच बघतो, हे नर्मदाबाईच्या मनात आलंच. तिनं पानांवर दगड ठेवला आणि घरात गेली.

वैजीनाथ चुलीजवळ घोंगडं पांघरून आडवा झाला होता. सत्तरीला टेकलेला देह, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेले. दात एकावर एक आपटत होते. तिनं कपाळाला हात लावला. अंग चुलीच्या दगडासारखं तापलं होतं.

"नदीवर कशाला गेल्ताव?"

त्यानं घोंगडं आणखी वर ओढलं.

"मी इचारायले. पाण्यात काय चाचपत व्हताव?"

"लय गार हाय गं," तो डोळे मिटूनच म्हणाला. "तवा बी असंच गार व्हतं. बोटं गळून पडतेत का काय असं झाल्तं."

"तवा म्हंजी कवा?"

म्हातारा गप्प झाला. ही गप्प बसायची त्याची तऱ्हा तिला चांगली माहीत होती. कुणीही पुरल्याचा दिवस खोदून विचारायला लागला की तो असाच गप्प व्हायचा. गाव म्हणायचं, चोराच्या मनात चांदणं. तीही मनातल्या मनात तेच म्हणायची.

"पाडवा झाल्यावर पुरली म्हणून तुमी गावाला सांगितलं," ती सावकाश म्हणाली. "पाडव्याला नदीत कोरडी वाळू असती. तवा पाय भाजतेत. बोटं गळायला गार पाणी कुठून आलं?"

चुलीतलं लाकूड तडतडलं. मग घोंगड्याच्या आतून आवाज आला, "पाडवा नव्हता. पौषातली पुनव व्हती. आजचाच दिवस."

"मंग पाडवा म्हणून का सांगितलं?"

"पाणी वाहायलं व्हतं, नर्मदे. घरात नांदणारी वाळकाई, आन मी तिच्या अंगात पहार घातली. गुरव आसून. गावाला कळलं आसतं, तर जिता ठिवला आसता का मला? म्हणलं, उन्हाळ्यात काढू, गुपचूप देवळीत ठिवू, कुणाला काय कळतंय. ती घावलीच न्हाई." तो खोकला. "म्हून दर साली ह्या पुनवंला जाऊन माफी मागतो. चुकून पायाला लागली तर बघावं, इतकंच."

"आन माझ्याशी बी खोटं बोललाव? अकरा वरसं?"

नर्मदाबाई उठून बाहेर आली. राग इतका आला होता, की तिथं थांबली असती तर आजारी माणसाला नको ते बोलली असती. एक खोटं बाहेर पडलं होतं. त्याच्या मागं अजून किती असतील? लुगडं तर असणारच. गोणपाटावर बसून तिनं एक पान उचललं आणि रागारागानं काडी टोचली. पान फाटलं.

तेवढ्यात मांडीवर गारवा आला. दीपमाळेची सावली सरकत तिच्या अंगावर आली होती. ती चरफडत उठली आणि तिनं गोणपाट ओढलं. दीपमाळेच्या सावलीत बसू नये, असं सासू सांगायची. पौषात ही सावली फार छळायची. सकाळपासून तिनं तीनदा जागा बदलली होती. उन्हाळ्यात बरं असायचं. चैत्रात ती ह्याच जागी कुरडयांचं वाळवण घालायची, तेव्हा दिवसभर सावलीचं नख इकडं लागायचं नाही. दुपार कलली की सावली पार तिकडं, वरच्या अंगाला, धुण्याच्या दगडाकडे जायची.

गोणपाट तिच्या हातात तसंच राहिलं.

तिनं नदीकडे पाहिलं. सावली धुण्याच्या दगडाकडे चालली नव्हती. ती दुसऱ्याच वाटेनं, खालच्या अंगाला, पल्याडच्या उंबराच्या रोखानं निघाली होती.

ती धावतच घरात शिरली. "आवं, उठा. पुरताना सावली कुणीकडं पडली व्हती? दगडाकडं का उंबराकडं?"

"भ्यालेल्या जिवानं शेंडा तेवढा ध्यानात ठिवला, बाकी काय बघितलं न्हाई. दीपमाळेची सावली ती दीपमाळेची," म्हातारा कण्हत म्हणाला. "देवाची वस्तू हाय ती. ती का जागा सोडती?"

"रोज सोडती! माझ्या कुरडयांना इचारा!" तिला हसावं का रडावं कळेना. "पौषात ती उंबराकडं जाती, चैत्रात दगडाकडं. पुरली तुमी पौषात आन हुडकायलाव चैत्रात. अकरा वरसं भलतीकडंच खणायलाव तुमी!"

म्हातारा कोपरावर उठून बसला. त्याचे पांढुरके डोळे तिच्या आवाजाच्या दिशेनं वळले. तो नुसती मान हलवत राहिला.

एका लबाडीनं केवढा घोळ घातला होता. खरा दिवस सांगितला असता तर सावली खरी पडली असती. पण खरा दिवस पाण्याचा, आणि पाण्यात कुदळ घालायची नाही. कोरडा दिवस खणण्याचा, पण त्या दिवशीची सावली खोटी.

नर्मदाबाईनं पदर डोक्यावरून घेतला. तिच्या पहिल्या मनानं सांगितलं, कासाबाईला घे, आत्ताच जा, हातानं वाळू उकर. पण ती गुरवाच्या घरची होती. अकरा वर्षांत तिला गावाची नजर पाठ झाली होती. तिनं देवी काढून आणली असती तर आप्पाराव काय म्हणाला असता? इतकी वर्षं घरात दडवली, नवी मूर्ती येतीय म्हटल्यावर आणून वाळूत ठेवली. सापडली असती ती देवी, आणि चोर मात्र दोघं झाले असते.

ती तशीच पाटलाच्या वाड्यावर गेली.

आप्पाराव ओसरीवर पान खात बसला होता. कासाबाईची खबर त्याच्यापर्यंत आधीच पोचली होती.

"ये गुरवीणबाई," तो म्हणाला. "सकाळी सकाळी नदीत काय चाचपणी चाललीय म्हणं?"

"तेच सांगायला आले." तिनं सगळं सांगितलं. पौष, पहार, खोटं सांगणं, सावली. काहीच राखून ठेवलं नाही.

आप्पारावचं पान चघळणं थांबलं. "म्हंजी वाहत्या नदीत पहार घातली. वर अकरा वरसं गावाला फसवलं. आन आता तू म्हणायलीस, म्हून तिथं घावंल. बरोबर ती घावंल. ठिवली आसंल तिथं, तर घावणारच की."

"तुमी असंच म्हणनार, ठावं व्हतं मला," नर्मदाबाई म्हणाली. "म्हून तुमच्याकडं आले. आत्ता तुमची माणसं पाठवा नदीवर. सावलीचा शेंडा पडंल तिथं तुमच्या हातानं खुंटी ठोका. रातभर तिथं पाहारा बसवा. एक माणूस माझ्या दारात बसवा. माझा म्हातारा उठून बाहीर गेला, तर धरून न्या त्याला."

आप्पाराव तिच्याकडे बघत राहिला. चोराची बायको स्वतःच्या दारात पहारा मागते, हे त्याच्या पाटीलकीत पहिल्यांदाच घडत होतं.

"आन खणायचं कसं? पाणी वाहायलंय. पाडव्याबिगर कुदळ घालायची न्हाई, ही रीत काय एकट्या गुरवालाच न्हाई."

"कुदळ नको. पहार नको. वाळकाई बाई हाय, पाटील. न्हाणाऱ्या बाईला बाईनं हात लावला तर कसला दोष? बायकांनी हातानं वाळू काढावी."

"तू काढणार?"

"मी न्हाई. माझं बोट बी लागणार न्हाई. तुमच्या घरच्यांनी काढावी."

आतल्या दारात पाटलाची बायको चतुराबाई उभी होती. सगळं ऐकत होती. ती नवऱ्याला विचारायला थांबली नाही. "उद्या सकाळी येते मी," एवढंच म्हणून ती आत गेली.

दिवस कासराभर उरला तेव्हा पाटलाच्या गड्यानं सावलीच्या शेंड्याला बाभळीची खुंटी ठोकली. ती उंबराच्या अलीकडे, ओल्या वाळूत ठोकली गेली. पाण्याची धार तिच्यापासून चार हातांवरून वाहत होती. अकरा वर्षं जिथं खणलं, तिथून ही जागा चांगली तीस पावलं खाली होती.

दुसऱ्या दिवशी निम्मं गाव काठावर जमलं. चतुराबाई, कासाबाई आणि आणखी सहा-सात बायका पदर खोचून खाली बसल्या. हातानं आणि वाटीनं वाळू काढून टोपल्यात भरायची, टोपली मागं द्यायची. ओली वाळू कडेनं पुन्हा ढासळायची. काठावरची माणसं बोलत होती. कुणी म्हणालं, बघा, घावणार आज. कुणी म्हणालं, काय घावतंय, वेळ काढायचा डाव हाय. नर्मदाबाई सगळ्यांना दिसेल अशी एका दगडावर उभी होती, दोन्ही हात पाठीमागं बांधून.

दुपारपर्यंत काही लागलं नाही. आप्पारावनं दोनदा खाकरून पाहिलं. आता नर्मदाबाईला गावाची भीती वाटत नव्हती. भीती वाटत होती ती घरी अंथरुणावर पडलेल्या माणसाची. आज इथं काही लागलं नाही, तर त्याला जन्मभर चोर समजायला तिला स्वतःलाच मोकळीक मिळणार होती. ती मोकळीक तिला नको होती. तिनं डोळे मिटून वाळकाईला विनवलं, माझ्यासाठी नको, पर ह्या माणसाला एवढं खोटं पाडू नको.

"थांबा," कासाबाई म्हणाली. तिचा हात खांद्यापर्यंत खड्ड्यात होता. "काय तरी हाय. दात लागले हाताला."

काठावरची माणसं पुढं सरकली.

"सुसर हाय!" कासाबाई ओरडली. "सुसरीचा जबडा हाय, माय!"

मग बायकांनी काय घाई केली! वाळू उडत होती. आधी सुसरीचं तोंड निघालं, मग घडा, मग चेहरा. उताणी निजवलेली वाळकाई, डोकं देवळाकडे. दगडाला कुठं ओरखडासुद्धा नव्हता. पण अंगाला काहीतरी गुंडाळलेलं होतं, चिखलासारखं काळं, हात लावला की सुटून येणारं.

"कापड हाय," चतुराबाई म्हणाली. "लुगडं आसंल."

तिनं एक पट्टी हळूच सोडवली आणि पाण्यात धरली. चिखल वाहून गेला. बोटभर रुंदीचा काठ होता, आणि त्यात अजून जर होती. चतुराबाईनं अंगठ्यानं घासलं तशी ती उन्हात चमकली.

नर्मदाबाईनं ती जर ओळखली. काठावरच्या कोयऱ्या तिनं लग्नात मांडीवर मोजल्या होत्या.

कासाबाई वाळूत मागं सरकून बसली. तिच्या तोंडातून कधी नव्हे ते हळू आवाजात शब्द निघाले. "इकणारा माणूस लुगडं नेसवत न्हाई, पाटील."

आप्पारावनं पागोटं काढून काखेत धरलं आणि चपला मागं टाकून तो वाळूत उतरला.

"भारी लुगडं व्हतं," चतुराबाई काठ उलटापालटा करत म्हणाली. "कुणाचं आसंल?"

सगळ्या बायकांनी नर्मदाबाईकडे पाहिलं. तिचे हात अजून पाठीमागंच होते.

"वाळकाईचंच," ती म्हणाली.

मग तो काठ रीतीप्रमाणं धारेत सोडला गेला. तो उंबराच्या मुळीशी थोडा अडकला, सुटला आणि खाली वाहत गेला. नर्मदाबाई तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिली.

वाजतगाजत वाळकाई देवळात गेली. गावाला आनंद झाला, खराच झाला. म्हाताऱ्या बायका रडल्या. आप्पारावनं देवीचे पाय धुतले आणि ते तीर्थ बापाच्या नावानं तुळशीला घातलं. चतुराबाईच्या हाताला देवी लागली, पुण्यवान बाई, असं जो तो म्हणू लागला. वैजीनाथचं नाव कुणी घेतलं नाही. घेतलं ते एकानं, म्हणाला, "पर वाहत्या नदीत पहार घातली की त्यानं. म्हूनच त्या साली विहिरी आटल्या." दोघा-चौघांनी माना डोलवल्या. नव्या शंकेला पहिलं पान फुटलं होतं.

"नवी मूर्ती बी बसवू," आप्पारावनं जाहीर केलं. "पैसा भरलाय. जेवण मोठं करू." नर्मदाबाई पायरीवरून उतरत होती, तिच्याकडे न बघता तो म्हणाला, "पत्रावळी सातशे लागतील."

ती घरी आली. दारातला पहारेकरी कधीच उठून देवळाकडे गेला होता. म्हातारा जागा होता. वाजंत्री त्यानं ऐकली होती.

"घावली?"

"घावली."

"उताणी व्हती ना? देवळाकडं डोकं करून?"

"व्हय. जशी निजवली तशीच."

त्यानं डोळे मिटले. कडेनं पाणी कानाकडे ओघळलं. मग तो म्हणाला, "तुझं लुगडं नेसवलं व्हतं तिला. बाईमाणसाला उघडी कशी पुरावी? घरात दुसरं चांगलं कापड नव्हतं."

"पायलं मी."

"घावल्यावर सांगू म्हणलं. ती घावायच्या आधी सांगितलं आसतं, तर तुला खरं वाटलं आसतं का?"

खरं वाटलं नसतं. अकरा वर्षं तिनं ह्या माणसाला चोर मानलं होतं आणि अकरा वर्षं त्याच्या ताटात गरम भाकर टाकली होती. दोन्ही खरं होतं, आणि यातलं एक आता त्याला सांगायची तिची छाती नव्हती.

"तू कवा इचारलं बी न्हाईस लुगड्याचं," तो म्हणाला. "मी म्हणायचो, लय मोठ्या मनाची हाय."

तिनं त्याच्या अंगावरचं घोंगडं नीट केलं. विनाकारण दोनदा नीट केलं.

"पाडव्याला नवं घिऊ तुला," म्हातारा म्हणाला.

"घ्या की," ती म्हणाली आणि तोंड फिरवून बाहेर आली.

पटांगण रिकामं होतं. सगळे देवळात होते. तिनं गोणपाट अंथरलं, ढिगातलं पान घेतलं आणि काडी टोचली. सातशे म्हणजे अजून चारशेच्या वर राहिल्या होत्या. थोड्या वेळानं दीपमाळेची सावली सरकत आली, गोणपाटाच्या कडेवर चढली, तिच्या मांडीवर आली. ती उठली नाही. सावलीत बसूनच तिनं पुढचं पान उचललं.